भूजलाची घट कोणत्या थरात मोजावी?

(जुहू येथे अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूजलाविषयी बोलावयाचे आणि त्यासाठी जुहूच्या किनाऱ्यावर जमावयाचे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मुंबई उपनगरात ग्रामपंचायत नाही, ओलिताची शेती जवळजवळ उरलेली नाही आणि नळाचे पाणी येते ते भातसा, तानसा, वैतरणा अशा दूरच्या जलाशयांतून. तरीही आजच्या विषयासाठी ही जागा मला सोयीची वाटते. राज्यातील कोणत्याही गावात भूजलाचा हिशेब मांडताना जी गफलत सहज घडते, ती येथे लवकर ध्यानात येते. विहिरीतील पाणी किती खाली गेले हे आपण मोजतो आणि तेवढ्याच आधारावर भूजल किती घटले हे सांगून मोकळे होतो. ही दोन विधाने एक नव्हेत. पातळी नेहमी कोणत्या तरी एका थराची असते. जमिनीखाली मात्र थर अनेक असतात आणि प्रत्येकाची पाणी धरण्याची व सोडण्याची रीत निराळी असते.

प्रथम पायाखालची जमीन पाहू. जुहू हे मूळचे साष्टी बेटाच्या पश्चिमेस असलेले, खाडीने वेगळे झालेले वाळूचे अरुंद बेट. वर वाळू व शिंपल्यांचा चुरा. जेथे पूर्वी खाडी होती तेथे समुद्री चिकणमाती. त्याखाली झिजलेला खडक, म्हणजे आपला मुरूम. आणि त्याखाली भेगा असलेला काळा पाषाण, असा येथला सर्वसाधारण क्रम आहे. हा पाषाण डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर अंधेरीची गिल्बर्ट टेकडी जवळच आहे. सुमारे साठ मीटर उंचीचे ते बेसाल्टचे उभे खांब पाहिले म्हणजे अशा खडकात पाणी कोठे राहात असेल याची कल्पना येते. खांबाच्या अंगात पाणी नाही. ते राहते दोन खांबांमधील सांधीत.

राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग याच लाव्हाच्या खडकाने व्यापलेला आहे. लाव्हा एकदाच आला नाही. तो पुन्हापुन्हा वाहत आला आणि थरावर थर बसले. प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र, पोट घट्ट. सच्छिद्र भागाला आपल्याकडील विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. तो पाणी अडवितो. विहीर खोदणाऱ्या वडार समाजातील जाणत्या माणसांना हा क्रम पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. मांजऱ्या लागला की त्यांचे काम हुरुपाने चालते आणि पाषाण लागला की ते मालकाच्या तोंडाकडे पाहू लागतात.

आता हिशेबाकडे वळू. समजा, एक हेक्टर जमीन आहे आणि तिच्याखालील पाण्याची पातळी एक मीटर उतरली. पाणी किती गेले? केंद्रीय भूजल मूल्यमापनाच्या पद्धतीत वाळूमिश्रित गाळासाठी सोळा टक्के पाणी सोडण्याची क्षमता धरली जाते. म्हणजे जुहूसारख्या वाळूत एक मीटर उतार झाला तर १,६०० घनमीटर, अर्थात १६ लाख लिटर पाणी गेले. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर १६० टँकर. हीच एक मीटरची घट झिजलेल्या बेसाल्टमध्ये झाली तर तेथे क्षमता सुमारे दोन टक्के धरतात; म्हणून गेले दोन लाख लिटर, म्हणजे २० टँकर. आणि हीच घट घट्ट खडकाखाली दाबात असलेल्या खोल थरातील विंधन विहिरीत दिसली तर? तेथे थर रिकामा होत नाही, केवळ त्यातील दाब उतरतो. उदाहरणादाखल दर मीटरला जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे अर्धा लिटर पाणी सुटते असे धरले तर हेक्टरी पाच हजार लिटर होतात. अर्धा टँकर!

तीन विहिरींच्या नोंदवहीत एकच आकडा, एक मीटर. प्रत्यक्षात १६० टँकर, २० टँकर आणि अर्धा टँकर. तिन्ही नोंदींची सरासरी काढून तालुक्याचा आकडा तयार केला तर तो कोणत्याच थराचा असणार नाही.

आपल्या गावांतून याचा परिणाम कसा होतो, हे एका काल्पनिक पण साध्या उदाहरणाने दाखवितो. दहा हेक्टरांचा एक तुकडा घ्या. वर मुरमात जुन्या विहिरी आहेत, खाली पाषाणाच्या भेगांत नव्या विंधन विहिरी. उन्हाळ्यात पाऊस नाही आणि बाहेरून पाणी येत नाही असे धरू. विंधन विहिरींतून ४०० टँकर पाणी उपसले गेले आणि त्यांची पातळी २० मीटर उतरली. आता खालच्या दाबाच्या थराने किती पाणी दिले? वरच्याच प्रमाणाने हिशेब केला तर केवळ १०० टँकर. मग उरलेले ३०० टँकर आले कोठून? ते वरच्या मुरमातून खाली झिरपले. पुष्कळदा त्यांना वाट करून देते ती विंधन विहीरच. कारण वरच्या थरातील तिचे भोक नीट नळी घालून बंद केलेले नसते आणि वरचे पाणी त्यातून सरळ खाली उतरते. ३०० टँकर मुरमातून गेले म्हणजे तेथील पातळी दीड मीटर उतरली. ज्याच्या जुन्या विहिरीवर त्या उन्हाळ्यात पंपही चालला नाही, त्याची विहीर दीड मीटरने आटली.

या गावाचा हिशेब तीन माणसे तीन प्रकारे करतील. पहिला केवळ जुन्या विहिरी पाहील आणि ३०० टँकरांची घट लिहील. दुसरा विंधन विहिरींतील २० मीटरांना मुरमाचे दोन टक्के लावील आणि त्याचा आकडा येईल ४,००० टँकर, म्हणजे खऱ्याच्या दहापट. तिसरा दोन्ही थर वेगळे मोजील, त्यांना ज्याची त्याची क्षमता लावील आणि १०० अधिक ३०० अशी बेरीज करील. अंदाज चुकण्याचे कारण बहुधा गणित नसते. कोणत्या थराला कोणता गुणक लावावा हे न पाहणे, हे असते. दुसऱ्या प्रकारची चूक मला अधिक घातक वाटते. भयंकर आकडा एकदा खोटा ठरला की पुढच्या वर्षी खऱ्या आकड्यावरही गावकरी विश्वास ठेवीत नाहीत.

आपल्या राज्यात मोजणीची परंपरा चांगली आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्याचे सुमारे दीड हजार पाणलोटांत विभाजन करून साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा नोंदवीत आली आहे. आजची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज बांधण्याची रीतही रूढ आहे. परंतु या निरीक्षण विहिरींपैकी बहुसंख्य विहिरी उघड्या, खोदीव आहेत. त्या वरच्या थराचीच नाडी दाखवितात. शेतीचा उपसा मात्र गेल्या काही दशकांत खाली खाली सरकत गेला. खोल थरासाठी निरीक्षण नलिका बसविण्याचे काम १९९५ नंतर जलविज्ञान प्रकल्पाच्या निमित्ताने पुढे सरकले खरे; पण ज्या थरातून उपसा सर्वाधिक, तेथे डोळे सर्वांत कमी, ही विसंगती अजून मिटलेली नाही. मूल्यमापनाच्या केंद्रीय पद्धतीही १९८४, १९९७ व २०१५ अशा टप्प्यांनी सुधारत गेल्या आणि २०१५ च्या पद्धतीने जलधरनिहाय हिशेबाचे तत्त्व मान्य केले. मात्र जेथे थरांची जाडी व विस्तार ठाऊक नाही तेथे पाणलोट किंवा तालुका हाच घटक राहतो. उपसा शंभर टक्क्यांवर गेला की अतिशोषित, नव्वदच्या वर शोषित, सत्तरच्या वर अंशतः शोषित आणि त्याखाली सुरक्षित, ही वर्गवारी आपणांस परिचित आहे. विहिरींच्या योजनांचे निर्णय तिच्याशी निगडित असतात. ‘सुरक्षित’ या शब्दाखाली एक थर भरलेला आणि दुसरा कोरडा असे चित्र लपू शकते, हे योजना आखणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

आता पुन्हा जुहूकडे. येथे गोष्ट अधिक अवघड आहे, कारण येथे विहीर आटतच नाही. गोड्या पाण्याहून समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड. त्यामुळे वाळूतील गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर गायबेन व हेर्झबर्ग या दोघा अभ्यासकांनी निरनिराळे दाखवून दिले की, समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी जितके, त्याच्या सुमारे चाळीसपट ते खाली असते. वर अर्धा मीटर, तर खाली वीस मीटर. उपशाने पातळी पंचवीस सेंटिमीटर उतरली तर समतोल पुन्हा बसेपर्यंत खालची खारी सीमा दहा मीटर वर चढते. विहिरीच्या नोंदीत दिसणार वीतभर उतार. गोड्या पाण्याचा साठा मात्र वरून पाव मीटर आणि खालून दहा मीटर आकसला. केवळ पातळीवरून घट काढणाऱ्याचा आकडा येथे एकेचाळीसपट कमी पडेल. प्रत्यक्षात जुहूची वाळू इतकी जाड नाही. खाली खडक लागतो, आणि मग खारे पाणी वर चढण्याऐवजी खडकाच्या भेगांतून व वाळूच्या तळाने जमिनीच्या बाजूस पाचरीसारखे सरकते. तत्त्व तेच. गोड्याची जागा खारे घेते आणि दोर तेवढाच भिजतो.

म्हणून किनाऱ्यावर घट मोजावयाची ती क्षाराने. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे लहानसे उपकरण आता अनेक विद्यालयांच्या आवाक्यात आहे. नमुना मात्र पृष्ठभागावरचा घेऊन चालत नाही. बूच लावलेली बाटली दोराने तळाशी सोडून तेथे बूच उघडावे लागते. वरचे पाणी पावसाचे व गोड, तळाचे मचूळ, असा प्रकार पुष्कळ विहिरींत आढळतो. वसईच्या पट्ट्यात, जेथे बावखले व विहिरी यांवर केळी आणि पानमळे उभे राहिले, तेथल्या बागायतदारांनी टँकरने पाणी नेण्यास विरोध केला तो अशाच भीतीपोटी.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवितो. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि उधाणाच्या दिवशी ओहोटी-भरतीत चार मीटरांच्या आसपास फरक पडतो. किनाऱ्यालगतच्या एखाद्या विहिरीची पातळी पहाटेपासून रात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाने मोजावी आणि भरतीच्या वेळापत्रकाशेजारी मांडावी. त्या दिवशी विहिरीवर पंप नसावा, एवढी खबरदारी घ्यावी. वाळूतील उथळ विहिरीत भरतीचा हेलकावा किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर विरून जातो, कारण वाळूला पातळी चढविण्यासाठी पुष्कळ पाणी लागते. दाबाखालील खोल थरातील विंधन विहीर मात्र किनाऱ्यापासून शेकडो मीटर आत असली तरी समुद्राबरोबर श्वास घेते. विहीर कोणत्या थराची, हे तिच्या मालकालाही सांगता येत नाही. समुद्र ते एका दिवसात सांगतो. यावरून व्यवहाराचा एक नियमही निघतो: किनाऱ्यावरील विहिरीची मे महिन्यातील नोंद यंदा भरतीला आणि पुढल्या वर्षी ओहोटीला घेतली, तर दोहोंतील फरक भूजलाचा नसून चंद्राचा असेल.

शहराचा हिशेब आणखी एका कारणाने फसवा असतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याची सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरांच्या वर आहे आणि २६ जुलै २००५ रोजी तेथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पश्चिम किनाऱ्याच्या गाळासाठी पावसाच्या दहा टक्के पाणी मुरते असे मूल्यमापनात धरतात. उघड्या वाळूवर हेक्टरी सव्वादोनशेच्या वर टँकर मुरले असते. पण डांबर, फरशी व काँक्रीट यांनी झाकलेल्या भूखंडावर तो आकडा लावण्यात अर्थ नाही. महानगरपालिकेने २००२ मध्ये नव्या बांधकामांना पर्जन्यजल संचयन सक्तीचे केले ते यासाठीच. उलट बाजूस, जुन्या जलवाहिन्यांतून गळणारे पाणीही जमिनीत मुरते आणि वरच्या थराची पातळी टिकवून धरते. हे पाणी मुळात शहापूर तालुक्याकडील जलाशयांचे. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील काही पाडे टँकरची वाट पाहतात, आणि इकडे एखाद्या विहिरीची स्थिर पातळी पाहून भूजल सुस्थितीत आहे असा अभिप्राय दिला जातो! इमारतींची खोल तळघरे खणताना पंपाने बाहेर काढलेले पाणी उपशाच्या कोणत्या रकान्यात लिहावयाचे, हाही प्रश्न आहेच.

किनारा सोडून आत गेलो तर थरांचे याहून मोठे उदाहरण जळगाव जिल्ह्यात भेटते. यावल व रावेर तालुक्यांतील केळीचे बागाईत तापीच्या गाळावर उभे आहे. तेथे वाळू-रेतीचे व चिकणमातीचे थर एकाआड एक, शंभर मीटरहूनही अधिक खोल गेलेले आहेत. कूपनलिका खोल खोल जात राहिल्या आणि वरचे थर एकामागून एक कोरडे पडले. अशा प्रदेशात चिकणमातीकडे लक्ष ठेवावे लागते. रेतीतून उपसलेले पाणी पावसाने पुन्हा भरते. दाबल्या गेलेल्या मातीतून निघालेले पाणी बहुतांशी परत येत नाही, कारण मातीच दबून बसते. कॅलिफोर्नियातील सॅन वाकिन खोऱ्यात १९२५ ते १९७७ या काळात एके ठिकाणी जमीन सुमारे नऊ मीटर खचली ती अशीच. शेजारच्या पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, बुलढाणा व अमरावती जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात, निराळी अडचण आहे: पाणी आहे, पण पिण्याजोगे वा पिकाजोगे नाही. तेथे जुहूप्रमाणेच पाण्याची उंची आणि पाण्याचा उपयोग हे दोन स्वतंत्र रकाने ठेवावे लागतात.

उपग्रहांविषयी नेहमी विचारले जाते. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस नावाच्या जोडउपग्रहांनी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून भूजलाची घट मोजली आणि २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब व हरयाणा या भागांतून १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाल्याचा अंदाज २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम थोर आहे. परंतु तो तराजू लाखो चौरस किलोमीटरांचा आहे. त्यात गाव दिसत नाही, आणि वजन कोणत्या थरातून घटले हेही दिसत नाही. त्यासाठी विहिरीतील दोरच हवा. खोल थरातील पाणी नवे की जुने, हे मात्र प्रयोगशाळा सांगू शकते. १९५२ नंतरच्या अणुचाचण्यांमुळे पावसात ट्रिशियम मिसळले. ज्या पाण्यात ते आढळत नाही ते बहुधा त्यापूर्वी मुरलेले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात समस्थानिकांच्या साहाय्याने भूजलाचा अभ्यास दीर्घकाळ चालत आला आहे. जुन्या पाण्याचा उपसा हा व्याजावरचा खर्च नसून मुदलावरचा असतो.

शेवटी पंचायत सदस्यांसाठी कायद्याविषयी थोडे. १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास प्रतिबंध केला. २०१४ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने साठ मीटरांपेक्षा खोल विहिरीस खोल विहीर मानून शेती व उद्योगासाठी तिच्यावर निर्बंध घातले. एक माप आडवे, दुसरे उभे. दोहोंत थराचा उल्लेख नाही. कायद्याला मोजता येईल असा आकडा लागतो, म्हणून याला दोष देणे योग्य होणार नाही. परंतु एका गावी साठ मीटरांत लाव्हाचे तीन थर ओलांडले जातात, तर दुसऱ्या गावी एकाच घट्ट थराचे पोटही संपत नाही. तेव्हा विंधन विहिरीची नोंद घेताना खोलीबरोबर कोणत्या खोलीवर मांजऱ्या लागला, कोठे तांबडी माती आली, पाणी प्रथम कोठे दिसले आणि लोखंडी नळी किती मीटर उतरविली, या चार गोष्टी वेधन यंत्राच्या चालकाकडून त्याच दिवशी लिहून घ्याव्यात. यंत्र दुसऱ्या गावी गेल्यावर ही माहिती मिळत नाही. ऑक्टोबर व मे महिन्यांत एक खोदीव विहीर आणि तिच्याजवळची एक विंधन विहीर, अशी जोडी एकाच दिवशी मोजावी. दोन पातळ्यांमधील अंतर दरवर्षी वाढत असेल तर वरचा थर खालच्याला पाणी देत आहे असे समजावे, आणि पुढील विहिरीच्या अर्जावर ग्रामसभेत विचार होईल तेव्हा ती वही समोर ठेवावी.